स्वयंरोजगार, खालावती प्रकृती आणि साहाय्याचा हक्क

आजारपणामुळे काम थांबले असता बुडालेल्या उत्पन्नाची काही अंशी भरपाई करणाऱ्या रकमेला सामाजिक सुरक्षेच्या परिभाषेत ‘आजारपण लाभ’ म्हणतात, आणि भारतात हा लाभ नोकरीच्या नात्याशी घट्ट बांधलेला आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने उभी राहिलेली आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झालेली व्यवस्था, जिला कामगारवर्ग नुसते ‘ईएसआय’ म्हणतो, ती विमाधारक कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम देते, तर क्षय किंवा कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत हे प्रमाण ८० टक्क्यांवर जाऊन मुदतही वाढते. परंतु या विम्याची वर्गणी मालक आणि कामगार मिळून भरत असल्याने, ज्याला मालकच नाही असा शिंपी, रिक्षाचालक, भाजीविक्रेता, सुतार, शिकवणी घेणारा शिक्षक किंवा किराणा दुकानदार या व्यवस्थेच्या बाहेर राहतो. नोकरी सोडून अलीकडेच स्वतःचा व्यवसाय सुरू केलेल्या व्यक्तीने मात्र येथे थोडे थांबावे, कारण सहा महिन्यांच्या वर्गणी-कालावधीत पुरेसे दिवस भरले असतील तर त्याचा हक्क नंतर येणाऱ्या लाभ-कालावधीत मोजला जातो. म्हणून जुना विमा क्रमांक जपून ठेवून नजीकच्या शाखा कार्यालयात चौकशी करणे इष्ट ठरते.

बाकीच्यांसाठी वस्तुस्थिती अशी आहे की, स्वयंरोजगार करणाऱ्या माणसाला केवळ आजारी पडल्याबद्दल दरमहा पैसे देणारी एकही सर्वसाधारण सरकारी योजना महाराष्ट्रात नाही. जे मिळू शकते ते मुख्यतः तीन वेगवेगळ्या दारांतून मिळते. पहिले दार दिव्यांगत्वाचे, म्हणजे आजाराने शरीरात वा मनात आणलेल्या आणि प्रमाणित झालेल्या मर्यादेचे. दुसरे निराधारत्वाचे, म्हणजे सिद्ध झालेल्या अल्प उत्पन्नाचे. आणि तिसरे प्रकृती धडधाकट असताना घेतलेल्या विम्याचे. उपचाराचा खर्च भागवणाऱ्या योजना यांहून वेगळ्या असून त्यांची गल्लत झाल्याने अनेक कुटुंबे चुकीच्या खिडकीपुढे उभी राहतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित व्यवस्थेत जुलै २०२४ पासून कोणत्याही रंगाची शिधापत्रिका असलेल्या राज्यातील कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे विनारोकड उपचार अंगीकृत रुग्णालयात मिळू शकतात, त्यांत डायलिसिसही येते. पण ही योजना रुग्णालयाचे बिल भागवते, बंद दुकानाचे भाडे नव्हे.

दिव्यांगत्वाच्या दाराबाबत सर्वाधिक गैरसमज असल्याने त्याचा विचार सविस्तर करावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला आणि त्याने मान्य दिव्यांगत्वांची संख्या सातवरून २१ वर नेली. या यादीत पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि मानसिक आजार यांचा समावेश आहे. मात्र मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणे आणि कर्करोग हे आजार या यादीत नाहीत. अशा आजाराचा रुग्ण ‘माझा आजार यादीत नाही’ असे समजून अर्जच करीत नाही, आणि तेथेच त्याचे नुकसान होते. यादीत नसलेल्या आजाराने यादीतील मर्यादा निर्माण केली असेल, उदाहरणार्थ मधुमेहाने दृष्टिपटल खराब होऊन अल्पदृष्टी आली असेल, पाय कापावा लागला असेल किंवा रक्तदाबाचे पर्यवसान पक्षाघातात झाले असेल, तर ती मर्यादा मोजली जाते आणि तिचे प्रमाणपत्र मिळते. संधिवाताचेही तसेच आहे. त्याचे नाव यादीत शोधून सापडणार नाही, पण बोटांचे सांधे वाकडे होऊन हाताची हालचाल कायमची घटली असेल तर ती अस्थिव्यंगाच्या सदरात तपासली जाते.

प्रमाणपत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे त्यावरील टक्केवारी होय. ४० टक्के किंवा अधिक प्रमाण असलेल्या व्यक्तीला कायदा ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असलेली व्यक्ती मानतो आणि बहुतेक योजनांचा उंबरठा तेथेच आहे. ८० टक्क्यांच्या पुढे आणखी काही लाभ सुरू होतात. ओळखपत्राच्या रंगावरूनही हा भेद कळतो, कारण २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर ४० टक्क्यांखालील व्यक्तीला पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि ८० टक्के व त्यापुढे निळे कार्ड दिले जाते. एकाहून अधिक मर्यादा असतील तर त्यांची सरळ बेरीज होत नाही, हेही आधीच समजून घेतलेले बरे. मोठ्या टक्केवारीत, लहान टक्केवारीला नव्वदातून मोठी वजा करून उरलेल्या संख्येने गुणून नव्वदने भागल्यावर येणारा आकडा मिळवायचा, असे त्याचे सूत्र आहे. त्यामुळे एका बाबतीत ४० आणि दुसऱ्या बाबतीत ३० टक्के असलेल्या व्यक्तीचे एकूण प्रमाण ७० न होता सुमारे ५७ टक्के भरते. तरीही दुसरी मर्यादा नोंदवून घेणे सोडू नये, कारण एकट्या मर्यादेवर ३० टक्क्यांवर अडकलेली व्यक्ती दुसरीच्या नोंदीमुळे ४० चा उंबरठा ओलांडू शकते. पायाच्या दुखण्यासाठी गेलेल्या माणसाने कमी ऐकू येण्याची तक्रार संकोचापोटी सांगितली नाही, तर तिची दखल तपासणी करणारे वैद्यकीय मंडळ आपणहून घेईलच असे नाही.

अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर करावा लागतो, जेथून मिळणाऱ्या वैश्विक ओळखपत्राला सर्वत्र ‘यूडीआयडी’ म्हटले जाते. अर्जानंतर जिल्हा रुग्णालय, ठरावीक उपजिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी नेमून दिलेल्या ठिकाणी प्रत्यक्ष तपासणी होते, आणि तपासणीचे वार ठरलेले असल्यामुळे ते आधी विचारून गेल्यास खेटे वाचतात. प्रकृती अजून सुधारण्याची शक्यता असेल तर तात्पुरते, मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. पक्षाघातासारख्या घटनेनंतर लगेच गेल्यास काही महिने थांबण्यास सांगितले जाते, कारण उपचाराने जे परत मिळवता येते ते मिळून उरलेली मर्यादाच मोजायची असते. मुदतीचे प्रमाणपत्र संपण्याच्या अगोदर नूतनीकरणाचा अर्ज गेला नाही तर त्यावर आधारलेले अनुदानही थांबते. ज्यांचा आजार उत्तरोत्तर वाढणारा आहे त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे की जुन्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी आपोआप वाढत नाही. प्रकृती ठळकपणे खालावली की नव्या अहवालांसह फेरतपासणी मागावी लागते. याउलट, नसलेली मर्यादा दाखवून लाभ घेण्याचा प्रयत्न दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या ९१ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र आहे, म्हणून दलालाने देऊ केलेली ‘वाढीव’ टक्केवारी नाकारण्यातच शहाणपण आहे.

येथे स्वयंरोजगाराची खरी अडचण समोर येते. नोकरदाराच्या आजाराची नोंद त्याच्या हजेरीपटावर, रजेच्या अर्जांत आणि वेतनपत्रकात आपसूक होत जाते. स्वतःचा धंदा करणारा मात्र दुखणे अंगावर काढत दुकान चालू ठेवतो, दोन तास उशिरा उघडतो, अवजड कामे घरच्यांवर सोपवतो, थोडी थोडी गिऱ्हाइके गमावतो, आणि अखेर सर्व थांबते तेव्हा ते केव्हापासून थांबत होते हे दाखवणारा एकही कागद त्याच्याजवळ नसतो. म्हणून हा पुरावा प्रकृती खालावत असतानाच, काम सुरू असतानाच तयार करीत जावा लागतो, आणि या लेखातील सर्व सूचनांपैकी एकच पाळायची असेल तर ती हीच पाळावी.

या पुराव्याचा कणा म्हणजे डॉक्टरांची नोंद होय, परंतु केसपेपरवरील नेहमीची नोंद या कामी फारशी उपयोगी पडत नाही. शिवणकाम करणाऱ्या, हातांना संधिवात असलेल्या स्त्रीच्या कागदावर आजाराचे नाव, गोळ्यांची नावे आणि ‘विश्रांती’ एवढेच लिहिलेले असेल तर तिला आजार आहे इतकेच त्यावरून कळते. त्याच कागदावर सकाळी सांध्यांचा ताठरपणा किती वेळ राहतो, उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटते की नाही, कात्री सलग किती मिनिटे धरता येते, सुईत दोरा ओवता येतो का, ही स्थिती किती महिन्यांपासून आहे आणि कोणते उपचार करूनही टिकून आहे, असे लिहिले गेले तर तोच कागद तपासणी मंडळापुढे, विमा कंपनीपुढे आणि तहसील कार्यालयातही बोलका ठरतो. डॉक्टरांना वेळ कमी असतो. म्हणून रुग्णाने आपल्या व्यवसायातील हालचाली चार-सहा ओळींत लिहून न्याव्यात आणि तपासणीनंतर त्यांपैकी जे डॉक्टरांना पटेल ते त्यांच्या शब्दांत नोंदवण्याची विनंती करावी. चांगल्या दिवसाचे वर्णन करून मोकळे होण्याची आपल्याकडील सवय येथे घातक ठरते, कारण ‘बरे आहे’ हे सौजन्याने उच्चारलेले शब्द केसपेपरवर ‘सुधारणा’ म्हणून उतरतात. रुग्णालयातून सुटताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांची बिले तारखेच्या क्रमाने लावून ठेवावीत आणि मूळ प्रत कोणत्याही कार्यालयात सोडू नये.

उत्पन्नाचा पुरावा हा दुसरा कणा. करपात्र मर्यादेखाली उत्पन्न असले तरी दरवर्षी आयकर विवरणपत्र भरत राहिल्यास प्रकृती बिघडण्यापूर्वीची मिळकत आणि नंतरची घसरण या दोन्ही गोष्टी आकड्यांत दिसतात. उद्यम नोंदणी, महापालिकेचा परवाना किंवा फेरीवाला प्रमाणपत्र, बँकेचे खातेपुस्तक आणि मोबाइलवरून आलेल्या रकमांचा तपशील यांचाही उपयोग होतो. ज्यांचा सगळा व्यवहार रोखीने चालतो त्यांनी साधी रोजकीर्द ठेवून तीत दुकान बंद राहिलेले दिवस कारणासह लिहावेत. उत्पन्न कमी दाखवले तर शासकीय दाखला लवकर मिळेल आणि जास्त दाखवले तर कर्ज मोठे मिळेल, अशा दुहेरी हिशेबाचा मोह अनेकांना होतो, परंतु दोन कार्यालयांत दोन आकडे गेले की पुढे विम्याच्या किंवा अपघात-भरपाईच्या दाव्यात हेच कागद परस्परांना खोटे पाडतात.

निराधारत्वाच्या दारावरील प्रमुख योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. १८ ते ६५ वर्षे वयाच्या, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असलेल्या गरजू व्यक्तींसाठी असलेल्या या योजनेत ४० टक्क्यांवरील दिव्यांगांबरोबरच क्षय, कर्करोग, पक्षाघात, एचआयव्ही-एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या स्त्री-पुरुषांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे २१ दिव्यांगत्वांच्या यादीत न बसणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला येथे थेट जागा आहे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांचा दाखला लागतो. अनुदान दरमहा १,५०० रुपये असून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाले आहे. अडसर आहे तो उत्पन्नमर्यादेचा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत, आणि दिव्यांगांच्या बाबतीत ५०,००० रुपयांपर्यंत असावे लागते. २१,००० रुपये म्हणजे अख्ख्या कुटुंबाला महिन्याला १,७५० रुपये. आजच्या महाराष्ट्रात इतक्या उत्पन्नावर कोणतेही कुटुंब दोन वेळचे जेवू शकत नाही, आणि ही मर्यादा काळाशी सुसंगत करण्याची मागणी सर्वथा न्याय्य आहे. तोपर्यंत दुर्धर आजाराने ज्यांच्या शरीरात मोजण्याजोगी मर्यादाही आणली आहे त्यांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आधी मिळवून मग अर्ज करणे हिताचे, कारण त्यामुळे उत्पन्नाची मर्यादा आणि अनुदानाची रक्कम दोन्ही वाढतात.

हा अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रामार्फत करता येतो. सोबत रहिवासाचा, वयाचा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते, आणि मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील ८० टक्क्यांवरील दिव्यांगांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजनाही आहे. याखेरीज ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिका यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करणे राज्यात बंधनकारक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गावाच्या नोंदवहीत दिव्यांग म्हणून नाव नसेल तर या निधीतून काही मिळत नाही, म्हणून प्रमाणपत्र हाती येताच त्याची प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी. गवंडी, सुतार, रंगारी, वीजतंत्री, प्लंबर अशा बांधकामाशी संबंधित कारागिरांना इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे स्वतंत्र दार आहे. वर्षभरात ९० दिवस असे काम केल्याच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होते आणि नोंदणी चालू असलेल्यांना गंभीर आजार किंवा कायमचे अपंगत्व यांसाठी अर्थसाहाय्य मिळू शकते. काम पूर्ण सुटल्यावर हे ९० दिवस कोठून आणायचे, हा प्रश्न उभा राहू नये म्हणून नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये.

विम्याच्या दारातून किती मिळेल हे बहुतांशी आजारापूर्वीच ठरून गेलेले असते, पण घरात असलेली कागदपत्रे एकदा नीट वाचून पाहिली तर विस्मरणात गेलेले संरक्षण सापडते. घर, रिक्षा किंवा व्यवसाय यांसाठी घेतलेल्या कर्जाबरोबर बँकेने विमा जोडलेला असतो आणि त्याचा हप्ता कर्जातच मिसळलेला असल्याने ऋणकोला तो आठवतही नाही. त्यात गंभीर आजार वा कायमची असमर्थता समाविष्ट असेल तर हप्ते थांबू शकतात. वर्षाला २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मात्र केवळ अपघातासाठी आहे. तिच्यातील दोन लाख किंवा एक लाख रुपये आजाराने आलेल्या अपंगत्वाला लागू होत नाहीत. ‘गंभीर आजार विमा’ म्हणजे नेमलेल्या आजारांपैकी एखाद्याचे निदान झाल्यावर एकरकमी रक्कम देणारा विमा. त्यात आजाराच्या नावापेक्षा व्याख्या निर्णायक असते: पक्षाघाताची कायमस्वरूपी लक्षणे किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा मागितला जातो, मूत्रपिंडाच्या बाबतीत नियमित डायलिसिस किंवा प्रत्यारोपण आवश्यक ठरते. दावा घाईने दाखल करून नकार ओढवून घेण्यापेक्षा व्याख्येतील प्रत्येक अट पूर्ण करणारा अहवाल डॉक्टरांकडून घेऊन तो दाखल करावा.

आजार लपवून नवा आरोग्य विमा घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा आता विमा नियामकाने ठरवून दिली आहे, त्यामुळे आजार उघड करून घेतलेला विमा निदान या मुदतीनंतर तरी भक्कम उभा राहतो; लपवलेला आजार पुढे सापडला तर दावा नाकारला जातो आणि हप्तेही बुडतात.

रोख लाभाबरोबर खर्च वाचवणाऱ्या सवलतींचाही हिशेब मांडावा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असल्यास मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असल्यास सवलतीने उपचार मिळतात, म्हणून दाखल होतानाच समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका द्यावी. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे म्हणजे ‘पीपीएफ’चे खाते पाच आर्थिक वर्षांनंतर खातेदाराच्या वा कुटुंबीयांच्या जीवघेण्या आजारावरील उपचारासाठी मुदतीपूर्वी बंद करता येते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला भरावा लागणारा व्यवसाय कर कायमस्वरूपी शारीरिक दिव्यांगत्व असलेल्यांना माफ आहे, आणि जुन्या करप्रणालीत आयकर भरणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला ४० टक्क्यांवर ७५ हजार व ८० टक्क्यांवर सव्वा लाख रुपयांची वजावट मिळते.

एवढे करूनही नकार मिळणे असामान्य नाही, आणि खिडकीवरचा कर्मचारी ‘तुमचे यात बसत नाही’ असे तोंडी सांगतो तेव्हा बहुतेक अर्जदार तेथूनच परत फिरतात. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. म्हणून अर्ज नेहमी लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि निर्णयही लेखी मागावा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राविषयी असमाधान असेल तर अपिलाची मुदत निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांची आहे. विमा कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही तर आपल्या भागाच्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार नेता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही. दाखल्यांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ ने कालमर्यादा आणि अपिलाचे टप्पे ठरवून दिले आहेत. ज्यांची प्रकृती खालावते आहे त्यांना हे खेटे घालणे जड जाते. त्यांच्या मुलांनी, शेजाऱ्यांनी किंवा व्यवसायबंधूंनी निर्णयावरील तारीख पाहून अपिलाचा अर्ज मुदतीत पोहोचवण्याचे काम आपल्याकडे घ्यावे.